भाड्याने देण्यासाठी पहिला फ्लॅट: हिशेब, कागद, करार आणि चाव्या

"फ्लॅट घेऊन टाका, हप्ता काय भाडेकरूच भरेल." पुण्यात हा सल्ला टपरीवरच्या चहापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही फुकट मिळतो. गणित मात्र तसे बसत नाही. पुण्या-मुंबईत वर्षाचे भाडे साधारण घराच्या किमतीच्या तीन-चार टक्के येते आणि गृहकर्जाचे व्याज त्याच्या दुप्पट असते. म्हणजे हप्त्याचा मोठा भाग अनेक वर्षे तुमच्याच खिशातून जाणार. हे आधी कबूल केले की पुढचे निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतात.

खालची उदाहरणे पुण्यातली धरली आहेत. करार आणि सोसायटीचे नियम सगळ्या महाराष्ट्राला सारखेच लागू आहेत.

आधी वही, मग साइट व्हिजिट

समजा रिसेलचा दोन बीएचके ६० लाखांना मिळतोय आणि त्याला महिना २०,००० रुपये भाडे येईल. वर्षाला २,४०,००० म्हणजे बरोबर चार टक्के. दलाल हाच आकडा सांगतो आणि इथेच थांबतो. तुम्ही थांबू नका.

आधी घराची खरी किंमत काढा. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ४,२०,००० रुपये. नोंदणी शुल्क १ टक्का, पण ३०,००० च्या वर नाही. दलाली १ टक्का धरली तर ६०,०००. बँकेचे प्रक्रिया शुल्क, गहाणाचा खर्च आणि वकील मिळून ४०,००० धरा. सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,०००. रंग, पंखे, गीझर, ट्रॉल्या, जाळ्या यांना दोन लाख. बेरीज ६७,७५,०००.

आता भाड्यातून काय काय जाते ते पाहा. वर्षात एक महिना घर रिकामे राहील, २०,००० गेले. मेंटेनन्स महिना २,५०० म्हणजे ३०,०००. बिनवहिवाट शुल्क, ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज म्हणतात, ३,०००. मिळकत कर १५,०००. किरकोळ दुरुस्ती १०,०००. नवा भाडेकरू आणताना एक महिन्याचे भाडे दलाली जाते. तो दोन वर्षे टिकला असे धरून वर्षाला १०,०००. कराराचा खर्च २,०००. एकूण ९०,००० गेले आणि हातात राहिले दीड लाख. ६७.७५ लाखांवर दीड लाख म्हणजे सव्वादोन टक्केसुद्धा नाहीत.

कर्ज घेतले तर? ३० लाखांपेक्षा जास्त आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते आणि त्या मूल्यात मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च धरत नाहीत. इथे कर्ज ४८ लाख आणि पदरचे जवळजवळ पावणेवीस लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे ४१,६५० रुपये. महिन्याचे निव्वळ भाडे १२,५००. तूट २९,००० च्या आसपास, दर महिन्याला, वर्षात अकरा महिने घर भरलेले असतानाही.

म्हणून पहिल्या घरासाठी एक कसोटी लावा: हप्त्यातली ही तूट, शिवाय सहा महिन्यांचा पूर्ण हप्ता बाजूला, एवढे झेपते का? नसेल तर किंमत कमी करा किंवा डाउनपेमेंट वाढवा. कर्जाची मुदत वाढवून तूट झाकण्याचा मोह होतो, पण त्याने फक्त व्याज वाढते. फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणाऱ्या, दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही, तेव्हा बोनस येईल तसा मुद्दलात टाकता येतो.

घराआधी भाडेकरू ठरवा

नवखा माणूस स्वतः राहायला आवडेल असे घर निवडतो. तुम्ही तिथे राहणार नाही. कोण राहणार हे आधी ठरवले तर परिसर, आकार, मजला, सामान सगळे आपोआप ठरत जाते.

हिंजवडी, खराडीसारख्या आयटी भागात दोघे-तिघे मिळून दोन बीएचके घेणारे किंवा नवविवाहित जोडपी असतात. ऑफिसला किती मिनिटे, दुचाकी लावायला जागा आहे का, इंटरनेटचे दोन पर्याय आहेत का, हे ते विचारतात. बागकाम केलेला क्लब हाऊस त्यांना भुलवतो, पण त्यासाठी दोन हजार जास्त भाडे सहसा कोणी देत नाही. कोथरूड, कर्वेनगर भागात शाळा-कॉलेजसाठी येणारी कुटुंबे आणि विद्यार्थी. कुटुंब शाळेच्या वर्षाला बांधलेले असते; एप्रिल ते जूनमध्ये घर बदलते आणि मग तीन-चार वर्षे हलत नाही. चाकणसारख्या एमआयडीसीच्या पट्ट्यात कंपनीच्या बसचा थांबा कुठे आहे यावर भाडे ठरते.

परिसर ठरला की तिथल्या पाच-सहा सोसायट्यांच्या सुरक्षारक्षकांशी आणि दोन दलालांशी भाडेकरू म्हणून बोला, मालक म्हणून नव्हे. संकेतस्थळावरचे भाडे हे मालकाच्या मनातले भाडे असते. खरे भाडे हवे असेल तर "गेल्या महिन्यात इथे काय भावाने गेले आणि किती दिवस रिकामे होते" असे विचारा. एकाच इमारतीत बारा फ्लॅट रिकामे दिसले तर भाव कितीही आकर्षक असो, पुढे चला.

दोन बीएचके की एक? सामान्यतः छोट्या घराला गुंतवलेल्या पैशावर जास्त भाडे पडते. तीन बीएचकेचे भाडे किमतीच्या प्रमाणात वाढत नाही आणि रिकामे राहिले की खड्डाही मोठा. पहिले घर लहान घ्या.

नवे, अर्धवट की रिसेल

बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि क्षेत्र ठरलेल्या मर्यादेत असलेल्या परवडणाऱ्या घराला १ टक्का. पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला (इमारत राहायला योग्य असल्याचे पालिकेचे प्रमाणपत्र) मिळालेल्या घराला जीएसटी नाही. पण खरा खर्च जीएसटी नसून वाट पाहण्याचा आहे: ताबा तीन वर्षांनी, व्याज आजपासून, भाडे शून्य. पहिल्यांदा गुंतवणूक करणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले, पाच ते बारा वर्षे जुने, लोक राहत असलेले घर घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे. भाडे काय येते हे तिथे अंदाजाने नव्हे, शेजारच्या दाराशी विचारून कळते.

तरीही नवे घ्यायचे असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताब्याची जाहीर तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कोणते कर्ज आणि कोणते दावे आहेत ते वाचा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करणे त्याची जबाबदारी आहे. गळती दिसली की तोंडी न सांगता ईमेल करा.

पागडीची खोली "स्वस्तात मिळतेय" म्हणून भाड्याच्या उत्पन्नासाठी घेऊ नका. तिथे तुम्ही मालक नसता, भाडेकरूच असता. म्हाडाच्या सोडतीतले घर पाच वर्षांच्या आत विकता येत नाही. तेवढ्या आत मुखत्यारपत्रावर घेणारे पुढे अडकतात.

कागद: कुठला, कशासाठी

टोकन देण्याआधी या प्रती मागा. विक्रेता "बँकेत आहेत" म्हणाला तर बँकेचे पत्र आणि झेरॉक्स मागा.

- बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार, एकही कडी न गाळता, प्रत्येकाच्या सूची दोनसह (इंडेक्स टू, नोंदणी कार्यालयातला कराराचा उतारा). मधली एक व्यक्ती वारली असेल तर वारसांचे कागद. इथेच सर्वांत जास्त व्यवहार फसतात: विकणारा मुलगा असतो आणि बहिणीचे हक्कसोडपत्र झालेलेच नसते.
- सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र. भोगवटा नसेल तर बँका कां-कूं करतात, पाण्याची जोडणी अधिकृत नसण्याची शक्यता असते आणि विकताना तुमचेही गिऱ्हाईक तोच प्रश्न विचारते.
- भागपत्र, म्हणजे सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मालकाच्या आजच्या नावाचे. सोबत सोसायटीचा येणे बाकी नसल्याचा दाखला.
- मिळकत कराची आणि विजेची ताजी पावती. दोन्हींवर थकबाकी शून्य हवी.
- जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी देणे) सोसायटीच्या नावे झाले आहे का. झाले नसेल तर व्यवहार मोडायचे कारण नाही, पण भावात धरा.

वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, घ्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये घराच्या नावावर काय काय नोंदले आहे ते स्वतःही पाहता येते. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद साफ, हा गैरसमज आहे. बँकेचा वकील बँकेसाठी पाहतो.

सोसायटीच्या सचिवाला एक प्रश्न जरूर विचारा: भाडेकरूंबद्दल इथे काय ठराव आहेत? आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवून कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती द्यायची असते. बिनवहिवाट शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते संपूर्ण मेंटेनन्सच्या नव्हे, मिळकत कर वगळून सेवाशुल्काच्या १० टक्के. शासनाचा हा आदेश २००१ पासून आहे, तरी अनेक सोसायट्या महिना हजार-दोन हजार लावतात. नियम तुमच्या बाजूने आहे हे खरे, पण अविवाहितांना घर देऊ नका म्हणून दर सभेत भांडणारी समिती असेल आणि तुमचा ठरलेला भाडेकरू आयटीतली तीन मुले असतील, तर घर चुकीचे आहे. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जिंकाल, पण तोवर घर रिकामे.

घर पाहायला पावसात जा

शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये एकदा. पश्चिमेच्या भिंती, खिडक्यांच्या वरचे कोपरे, बाथरूमच्या मागची भिंत हाताने चाचपा. ताजा रंग फक्त एकाच भिंतीला असेल तर त्यामागे बहुधा ओल असते. शेवटचा मजला घेताना गच्चीचे वॉटरप्रूफिंग कधी झाले आणि दुरुस्ती निधीत किती पैसे आहेत ते विचारा.

पाणी हा पुण्याच्या उपनगरांतला खरा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये सोसायटी दिवसाला किती टँकर घेते हे सुरक्षारक्षकाच्या वहीत लिहिलेले असते. ती वही बघा. टँकरचा खर्च मेंटेनन्समधून येतो आणि मेंटेनन्स बहुधा मालकाच्या माथी. वीजमीटर तुमच्याच घराचा आहे का हे मेन स्विच पाडून तपासा. पार्किंग कागदावर आहे की नुसते "आम्ही इथेच लावतो" आहे, तेही.

टोकनपासून ताब्यापर्यंत

टोकन कमीत कमी द्या, धनादेशाने किंवा ऑनलाइन, आणि "कागदपत्रांत दोष निघाल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम परत" हे वाक्य असलेला सहीचा कागद घ्या. त्यानंतर साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, करून नोंदवायचे. साठेखतावर पूर्ण मुद्रांक भरला असेल तर पुढच्या खरेदीखतावर तो पुन्हा भरावा लागत नाही. मुद्रांक हा कराराची किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातले (रेडी रेकनर) मूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर लागतो, तेव्हा भाव घासून कमी केला तरी मुद्रांक तेवढाच कमी होईल असे नाही.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (देतानाच कापायचा आयकर) कापून तुमच्या पॅनवरून भरायचा. हे खरेदीदाराचे काम आहे. विसरला तर व्याज आणि दंड तुम्हाला. विक्रेता परदेशात राहत असेल तर हा १ टक्का चालत नाही, बराच जास्त दर लागतो. तिथे सीए गाठा.

घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, ६० लाखांवर ६०,००० वाचतात. सवलत जरूर घ्या. पण पैसे नवऱ्याने दिले असतील तर भाड्याचे उत्पन्न करासाठी त्याच्याच उत्पन्नात धरले जाते. नाव बायकोचे म्हणजे कर वाचला, असे होत नाही.

भाड्याजोगे घर

इथे दोन चुका होतात. एक, काहीच न करणे. दुसरी, स्वतःच्या घरासारखे इंटिरियर करणे. मधला रस्ता म्हणजे सेमी-फर्निश्ड. दोन बीएचकेला पाच पंखे, सात-आठ एलईडी ट्यूब, दोन्ही बाथरूमला १५ लिटरचा गीझर, ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या, चिमणीसाठी पॉइंट, दोन कपाटे, पडद्यांचे रॉड, खिडक्यांना डासांची जाळी, सेफ्टी डोअर आणि ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनचा नळ. फॉल्स सीलिंग, वॉलपेपर, महागडे दिवे यांनी भाडे वाढत नाही, दुरुस्ती वाढते. सोफा, पलंग, टीव्ही देऊ नका. कोणी मोडले यावरून अनामतीची भांडणे होतात.

हात लावायचाच आहे तर आधी बाथरूमला लावा. नहाणीचा ट्रॅप बंद करून तळात दोन इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. गळती असेल तर ती आता दुरुस्त करणे स्वस्त. भाडेकरू राहत असताना फरश्या उखडायच्या म्हणजे त्याचे भाडेही सोडावे लागते. बोअरचे जड पाणी असेल तर गीझरच्या एलिमेंटवर क्षार बसतात. दोन वर्षांतून एकदा डीस्केलिंग करून घ्या. वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवा. हजार-दोन हजारांची वस्तू आहे आणि शॉकने कोणी दगावले तर प्रश्न पैशाचा राहत नाही.

रंगाची शेड आणि क्रमांक लिहून ठेवा, दर वेळी सगळ्या घराऐवजी एक भिंत रंगवता येते. आठ-दहा जादा फरश्या माळ्यावर ठेवा. तीच डिझाइन तीन वर्षांनी बाजारात नसते.

भाडेकरू निवडणे आणि करार

जाहिरात टाकताच पहिला फोन बहुधा ठगाचा येतो. "लष्करात आहे, बदली झाली, घर न बघताच अनामत पाठवतो" आणि मग क्यूआर कोड. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

खऱ्या इच्छुकाकडून आधार, पॅन, कंपनीचे ओळखपत्र, तीन महिन्यांच्या पगारपावत्या घ्या. भाडे पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त होत असेल तर तो दोन-तीन महिन्यांत अडखळेल. आधीच्या घरमालकाला फोन करा आणि "भाडे वेळेवर द्यायचा का" याऐवजी "तुम्ही पुन्हा त्यांना घर द्याल का" असे विचारा. दोन हजार जास्त देणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा दोन हजार कमी देणारे पण तीन वर्षे राहणारे कुटुंब परवडते. एक रिकामा महिना आणि एक दलाली मिळून ४०,००० जातात.

आता करार. महाराष्ट्रात भाडेपट्टा नव्हे, लिव्ह अँड लायसन्स करायचा. भाडेपट्ट्याने भाडेकरूला जागेत हक्क मिळतो. लायसन्समध्ये फक्त ठरावीक मुदतीसाठी वापरायची परवानगी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि मुदतीनंतर भाडेकरू राहील तेवढ्या काळासाठी दुप्पट शुल्क मागू शकतो. हे संरक्षण सुटसुटीत आहे, पण कागद बरोबर असला तरच.

इथे "अकरा महिन्यांचा करार, नोटरी केला की झाले" हा जुना समज आडवा येतो. देशात अनेक ठिकाणी अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही हे खरे, पण महाराष्ट्रात कलम ५५ मुदत पाहत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. तीन हजार भाडे ठरले होते असे तो म्हणाला तर खोटे पाडायचे काम तुमचे.

नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, आधार आणि बोटांच्या ठशांनी. मुद्रांक म्हणजे मुदतीतले एकूण भाडे अधिक परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के, या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडे २०,०००, अनामत ६०,०००, मुदत ११ महिने: २,२०,००० अधिक ५,५००, त्याचे ०.२५ टक्के ५६४, शंभराच्या पटीत ६०० रुपये. शहरात नोंदणी शुल्क १,००० आणि हाताळणी ३००. आता तोच करार ३६ महिन्यांचा, दरवर्षी ५ टक्के वाढीसह केला तर मुद्रांक सुमारे २,००० होतो आणि बाकीचे शुल्क एकदाच. तीन वेळा एजंट बोलावण्यापेक्षा स्वस्त. भाडेकरू आवडला असेल तर लांब मुदत करा. कमाल मर्यादा ६० महिन्यांची.

एजंटचा तयार मसुदा जसाच्या तसा घेऊ नका. यात काय हवे: भाडे पाच तारखेपर्यंत, फक्त बँकेतून. सहा महिन्यांचा लॉक-इन (तेवढ्यात कोणीच करार मोडायचा नाही), नंतर दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस. ५०० रुपयांपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूची, त्यावरची आणि भिंतीतल्या नळ-वायरची मालकाची, पण नुकसान वापराने झाले असेल तर भाडेकरूची. राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव. पोटभाडे आणि व्यवसायाला मनाई. रंगासाठी किती कापणार हा आकडा आधीच. अनामत किती दिवसांत परत, हेही. सामानाची यादी परिशिष्ट म्हणून जोडा.

पोलीस आयुक्तालयांच्या आदेशांनुसार भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे मालकाचे काम आहे. ती ऑनलाइन भरा, पोच जपून ठेवा, एक प्रत सोसायटीला.

चाव्या दिल्यानंतर

ताबा देताना दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, नळ आणि पंखे चालू करून. वीजमीटर आणि गॅसचे रीडिंग फोटोत. दर महिन्याला वीजबिल भरले का ते ग्राहक क्रमांक टाकून बघा. भाडेकरू गेला तरी थकबाकी मीटरवर राहते.

पुण्यात महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकत करात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिले की ती मिळत नाही. विक्रेत्याच्या जुन्या पावतीवरून कराचा अंदाज बांधू नका.

सहा महिन्यांनी एकदा, आधी कळवून, घर बघून या. तक्रारीचा फोन आला की दोन दिवसांत प्लंबर पाठवा. भाडे वाढवताना भाडेकरूला आठवतो तो हाच प्लंबर.

सगळ्यात महागडी सवय म्हणजे करार संपूनही "चांगले लोक आहेत, राहू दे" म्हणत वर्ष काढणे. मुदत संपल्या दिवसापासून तुमच्याकडे नोंदलेला कागद नसतो. संपायच्या दोन महिने आधी फोनमध्ये आठवण लावा. आणि भाडे थकले म्हणून वीज-पाणी तोडणे, कुलूप घालणे असले काही करू नका. बरोबर कागद असलेला मालक त्या एका कुलपाने आरोपी होतो. लेखी नोटीस, अनामतीतून वळती, मग सक्षम प्राधिकारी, हाच क्रम.

कर आणि पुढे विकताना

मिळालेल्या भाड्यातून भरलेला मिळकत कर वजा, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजावट, मग कर्जाचे व्याज वजा. मेंटेनन्स किंवा रंगाची वेगळी वजावट नाही, ती ३० टक्क्यांतच आली. आपल्या उदाहरणात २,२०,००० भाड्यातून १५,००० आणि मग ६१,५०० गेले, उरले १,४३,५००. पहिल्या वर्षीचे व्याज चार लाखांच्या वर, म्हणजे सुमारे २,६०,००० तोटा. जुन्या करप्रणालीत त्यातले २ लाख पगारातून वजा होतात, उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेऊन घरभाड्यातूनच वळता करता येतो. नव्या करप्रणालीत पगारातून काहीच वजा होत नाही. "कर वाचतो म्हणून घ्या" असा सल्ला देणाऱ्याला कुठली प्रणाली, हे आधी विचारा.

भाडे महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापायचा असतो. मालक परदेशात असेल तर भाडे कितीही असो, टीडीएस कापावाच लागतो आणि रक्कम एनआरओ खात्यात (परदेशस्थ भारतीयाचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते) जाते. दुबई-अमेरिकेतून घर चालवणाऱ्यांनी हे भाडेकरूला करारातच सांगावे. त्यांनी नातेवाइकाला दिलेले मुखत्यारपत्र दूतावासातून साक्षांकित करून, भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करायला हवे.

घर २४ महिन्यांनंतर विकले तर नफा दीर्घ मुदतीचा, कर १२.५ टक्के, महागाईची सूट नाही. म्हणून खरेदीचा मुद्रांक, नोंदणी, दलाली, ट्रॉल्या, कपाटे, वॉटरप्रूफिंग यांची बँकेतून पैसे दिलेली बिले एका फाइलमध्ये जपा. खरेदीचा खर्च आणि घरात केलेली कायमची सुधारणा नफ्यातून वजा करता येते. बिनपावतीचे दोन लाख मात्र सीएलाही दाखवता येत नाहीत.